गोल्फचं मैदान पिवळं पडू दिलं तर

नॉर्थ कॅरोलिनात राहायला आल्यापासून गोल्फ कोर्स दिसला की माझ्या डोक्यात आधी पाणीच येतं, एवढं हिरवंगार ठेवायला किती पाणी ओतत असतील हे लोक! म्हणून इथल्या पाइनहर्स्ट गोल्फ रिसॉर्टचा ‘नंबर टू’ नावाचा कोर्स बघायला जरा कुरकुरतच गेलो. बघतो तर काय, कडेला चक्क वाळू, मधेच झिपऱ्या गवताचे झुबके, फेअरवे म्हणजे खेळायची मधली हिरवळीची पट्टी, तीपण कडेकडेने पिवळी, वाटलं ह्यांची मोटर जळली की काय.

तर हे मुद्दाम केलंय. 2010-11 मधे बिल कूर आणि बेन क्रेनशॉ ह्या गोल्फ कोर्स आखणाऱ्या जोडीने हा कोर्स परत डोनाल्ड रॉसने मुळात आखला होता त्या जुन्या रूपात आणला. 35 एकर हिरवळ काढून टाकली, 1150 च्या आसपास स्प्रिंकलर होते त्यातले फक्त 450 ठेवले, आणि वर्षाला साडेपाच कोटी गॅलन पाणी लागायचं ते दीड कोटीवर आलं. म्हणजे दरवर्षी साधारण 15 कोटी लिटरची बचत.

मला भारी वाटलं ते पाइपचं. आपण शेतात तुषार लावतो तेव्हा एका नोझलचं पाणी दुसऱ्यापर्यंत पोचेल असं अंतर धरतो, कोरडं काही राहायला नको. इथे उलट, फेअरवेच्या मधोमध एकच ओळ, त्यामुळे मधे पाणी भरपूर, कडेला जाता जाता कमी आणि पुढे काहीच नाही, म्हणून हिरवा, पिवळा, मग वाळू असा रंग आपोआप उतरत जातो. जुन्या काळातली लाइन अशीच एकेरी होती आणि तिच्यावरूनच फेअरवेचा मूळ मध्य शोधला म्हणे ह्यांनी!

आजकाल ओलाव्याचे सेन्सर, मोबाइलवरून एकेक नोझल बंद-चालू, सगळं मिळतं, चांगलंच आहे. पण जिथे कोणी खेळतच नाही ती जमीन सेन्सर लावून भिजवायची कशाला?

गवत मरत नाही का, तर नाही. इथलं बर्म्युडा गवत म्हणजे आपल्या हरळीचीच भावकी, पाणी तोडलं की पिवळी पडते, पाऊस आला की परत हजर. आमच्या बांधावरची हरळी काढून काढून वडील थकले, ती काही गेली नाही.

2014 ला इथे यूएस ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा झाली, आधी पुरुषांची आणि पुढच्याच आठवड्यात बायकांची, तेव्हा टीव्हीवर ते तपकिरी मैदान बघून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, ट्रम्पनी पण ट्विट करून नावं ठेवली. तरी 2024 ला पुरुषांची स्पर्धा परत तिथेच.

इकडे आमच्या सोसायटीत लॉन जरा पिवळं पडलं की लगेच ईमेल येतो, आणि कॉमन एरियाचे स्प्रिंकलर टायमरवर, धो धो पाऊस असला तरी चालूच. पुढच्या मीटिंगमधे रेन सेन्सरचा विषय काढणारे, बघू कोण ऐकतंय.