पुढची ओळ

१९८५ च्या दहावीच्या यादीत माझं नाव सापडणार नाही. नववी झाली आणि मला शाळेतून काढून लांबच्या एका बोर्डिंगात टाकलं. तरी वर्गाच्या आठवणी गोळा करणाऱ्या समितीच्या मंडळींनी आग्रह केला म्हणून लिहिते. का काढलं, हे आमच्या वर्गाला अर्धंमुर्धं ठाऊक आहे. उरलेलं सांगायला आता हरकत नाही. ज्यांना राग यायचा ती माणसं गेली.

शाळेत आम्ही सगळे नुसते 'ख्रिश्चन'. वस्तीवर मात्र आम्ही रोमन, म्हणजे कॅथलिक, आणि ओढ्यापलीकडचे प्रोटेस्टंट. आमच्याकडे फादर, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, रोझरी म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा. त्यांच्याकडे पाळकसाहेब, उपासना, संडे स्कूल आणि पेटीवर रेव्हरंड टिळकांची भजनं. नगरला त्यांचं अमेरिकन मिशन आलं १८३१ मध्ये, आमचे जेझुइट फादर पुष्कळ नंतर. कोणी कोणाची माणसं पळवली, यावर माझी आजी मरेपर्यंत भांडत होती. आडनावं तीच, भावकीही तीच. एकमेकांच्या मयतीला जायचं, पोरगी द्यायची नाही.

डिसेंबर १९८३. मुख्याध्यापक वर्गात आले नि म्हणाले, "तुम्ही दोघं ख्रिश्चन ना? नाताळचं तुम्ही बघा." दोघं म्हणजे मी आणि ओढ्यापलीकडचा तो. त्याने कामट्या आणि पतंगाचा कागद आणून चांदणी केली. मी घरून मारियामातेची मूर्ती टॉवेलात गुंडाळून आणली. तो म्हणाला, "गव्हाणीत बाळ ठेव, आईचं काय काम?" मी म्हटलं, "मग बाळ आलं कुठनं?" यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

प्रार्थनेला अडलं. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' दोघांनी बरोबर म्हणायचं ठरलं. 'वाइटापासून सोडव' झालं की मी आमेन म्हणून थांबायची, आणि हा आपला पुढे चालूच: 'कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत.'

"तुमची प्रार्थना अर्धीच असते," तो म्हणाला.

"तुम्ही पदरचं जोडलंय."

शेवटी कार्यक्रमापुरती त्याची ओळ मी पाठ केली.

प्रेम म्हणावं असं त्यात काय होतं? सायकल असून ती हातात धरून पाटाच्या कडेने चालत यायचं. कोणाच्या तरी रानातले हरभऱ्याचे डहाळे उपटायचे. बोटांना आंब लागायची, ती मी घरी आल्यावर धुवायची नाही. एवढंच. चिठ्ठीसुद्धा नव्हती, सापडणार काय?

सापडले ते रोझरीत. उपवासकाळ होता, वीज गेलेली. चिमणीच्या उजेडात वडील रोझरी सांगत होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. 'वाइटापासून सोडव'पाशी सगळं घर थांबलं आणि माझा एकटीचा आवाज पुढे गेला: 'कारण की राज्य, सामर्थ्य...'

दादांच्या हातातला मणी तिथंच थांबला. "ही ओळ कुणाची?"

मी म्हटलं, "मिस्सात म्हणतोच की आपण." ते खरंही होतं. मिस्सात ही ओळ येते, फक्त आधी फादर एक प्रार्थना म्हणतात, मग.

दादा म्हणाले, "तिथं मधी फादर असत्यात."

आईने पदर तोंडाला लावला. ती हसली म्हणून मार वाचला, बोर्डिंग वाचलं नाही. ओढ्यापलीकडे त्याला मात्र मार बसला, मूर्तीला हात लावला म्हणून. मूर्ती पडू नये म्हणून धरली होती त्याने.

बिशपांची परवानगी काढून अशी लग्नं तेव्हाही लागत होती, १९७० मध्ये रोमहून नियमही सैल झाले होते. हे मला नर्सिंगला गेल्यावर कळलं. आमच्या वस्तीवर नियम वाचतो कोण? आणि चौदा वर्षांच्या पोरीचं लग्न तरी कुठे निघालं होतं!

पुढे माझं लग्न झालं, त्याचंही झालं. बरं चाललंय.

दादा गेले तेव्हा तो मातीला आला. केस पांढरे, हातात हेल्मेट. कबरीपाशी फादरांनी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं. तो माझ्या मागेच कुठेतरी होता, आवाज ओळखू येत होता. 'वाइटापासून सोडव' आलं. मी कान देऊन उभी राहिले.

तो थांबला. आमच्याबरोबर आमेन म्हणाला, मूठभर माती टाकली आणि गाडी काढून गेला.