टोमॅटो भगवट का, तुम्ही विचारलंत म्हणून

"लाल का नाहीत, पावडर मारता का?" जुन्नरहून पुण्याच्या सोसायट्यांत माल घेऊन जातो, तर दर मे महिन्यात हे ऐकतोच आणि दरवेळी नुसतं "नाही हो" म्हणून पुढे जातो. आज नीट सांगतो.

लाल रंग म्हणजे लायकोपीन. ते २० ते २५ डिग्रीत छान बनतं, ३० च्या वर गेलं की अडतं. हिरवेपणा मात्र जातच राहतो आणि पिवळं-नारिंगी बीटा कॅरोटीन बनत राहतं, म्हणून फळ पिकतं, मऊ पडतं, पण लाल होत नाही. यात माझी लबाडी कुठंय?

हे मलाही आधी माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी फळं कलर धरेनात, मला वाटलं ऊन लागलं की लाल होतील. आबा नको म्हणत होते, तरी मी माणसं लावून पश्चिमेकडच्या ओळींचा पाला काढला. उघडं फळ उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं हे डोक्यातच नाही. चार दिवसांत उन्हाकडची बाजू पिवळी, वर पांढरे चट्टे, आणि त्याच फळाची सावलीतली बाजू चांगली लाल! तरी तोच माल घेऊन गेलो. गेटवर एका काकूंनी फळ हातात फिरवून विचारलं, "पोरांना खायला घालते रे मी, खरं सांग, काय मारलंस?" मागच्या बायका रिकाम्या पिशव्या घेऊन वर गेल्या. चाळीसपैकी सव्वीस क्रेट परत आले. आबा एक शब्द बोलले नाहीत, गपचूप क्रेट उतरवायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि हो, त्या आठवड्यात उरलेल्या मालावर मी एथ्रेल, म्हणजे फळं पिकवायचं औषध, मारलं, खोटं कशाला बोलू. फळं लिबलिबीत झाली, लाल झालीच नाहीत, त्या उकाड्यात होणारच नव्हती. आईने मात्र दोन क्रेट कच्चा माल आतल्या गार खोलीत ठेवला होता, त्याला पाच-सहा दिवसांत कलर आला. तुम्हीही तसंच ठेवा, फ्रिजमध्ये नको, १० डिग्रीच्या खालीही लाल रंग अडतो.

आता पाला ठेवतो. पण दाट ठेवला की जूनच्या पावसात करपा, म्हणजे बुरशीचा रोग, येतो, त्यामुळे किती ठेवायचा यावर आबांचं नि माझं अजून जमत नाही. यंदा चार ओळी त्यांच्या पद्धतीने, चार माझ्या.