भाचीची याचिका नामंजूर का झाली

तासगावच्या द्राक्षबागांत वाढलेल्या आणि अमेरिकेत केवडा या पिकांवरील रोगावर संशोधन करणाऱ्या माझ्या भाचीची, राष्ट्रहिताच्या आधारावर केलेली ग्रीन कार्डसाठीची याचिका नामंजूर झाली, याचे मला फार वाईट वाटते. अशा याचिकांसाठी अमेरिकेच्या स्थलांतर खात्याच्या अपील कार्यालयाने २०१६ मध्ये दिलेल्या ‘धनसार’ निर्णयानुसार अर्जदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नियोजित कार्याला मोल व राष्ट्रीय महत्त्व आहे, ते पुढे नेण्यास अर्जदार समर्थ आहे आणि एरवी लागणारी, नोकरीचा प्रस्ताव हाती असण्याची अट माफ करणे अमेरिकेच्या हिताचे आहे. भाचीचे अडले पहिल्याच कसोटीवर. विषय महत्त्वाचा असणे पुरेसे नसते, तिच्या स्वतःच्या कामाचा परिणाम प्रयोगशाळेपलीकडे कसा पोहोचेल हे दाखवावे लागते, आणि शिफारसपत्रांत स्तुतीच अधिक होती. सांगलीच्या कोणत्याही बागायतदाराने तिच्या कामाचे मोल ओळखले असते, असे मला ठामपणे वाटते. आता ती शेतावरील चाचण्यांच्या नोंदी जोडून नवी याचिका तयार करत आहे.