पूर्वकथेतच संपून जाणारी पात्रे

प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र घेऊन खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात मी ऑनलाइन डंजन मास्टर असतो, म्हणजे खेळाचे जग आणि कथा चालवतो. नव्या खेळाडूंची पात्रे तपासताना मी त्यांच्या क्षमतांच्या आकड्यांच्या आधी पूर्वकथा वाचतो. बहुतेक चुका तिथेच सापडतात. त्यांतली सर्वांत मोठी चूक अशी की, पात्राच्या आयुष्यात जे काही घडण्यासारखे आहे ते सगळे खेळ सुरू होण्यापूर्वीच घडून गेलेले असते. त्याने सैन्याचे नेतृत्व केलेले असते, ड्रॅगन मारलेला असतो, वडिलांच्या खुनाचा सूडही घेऊन झालेला असतो. मग खेळात त्याने करायचे तरी काय?

अशा कथेचा आणि नियमांचा मेळही बसत नाही. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या नियमांनुसार पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या लेव्हलच्या विझार्डला (जादूगाराला) 6 हिट पॉइंट (घाव सोसण्याची ताकद) मिळतात आणि त्यांत कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे शारीरिक चिवटपणाचा, मॉडिफायर (त्या क्षमतेच्या आकड्यावरून ठरणारी वाढ किंवा घट) मिळवला जातो. कॉन्स्टिट्यूशन 8 असेल, तर एक वजा होऊन 5 उरतात, आणि साध्या गॉब्लिनच्या (छोट्या राक्षसाच्या) तलवारीचा सरासरी घाव नेमका तेवढाच असतो. कथेत तीन राज्यांना धाक असलेला महाजादूगार पहिल्याच चकमकीत गॉब्लिनच्या एका घावाने बेशुद्ध पडला, की खेळाडूचा स्वतःच्या पात्रावरचा विश्वास उडतो. पहिल्या लेव्हलचे पात्र म्हणजे नुकतेच घराबाहेर पडलेले माणूस, हे धरून लिहिले तर तोच घाव त्याच्या कथेचा पहिला प्रसंग ठरतो.

दुसरी चूक एकाकी पात्राची. गाव जळालेले, आईवडील मारले गेलेले, कोणावरही विश्वास नसलेला, काळ्या झग्यातला ‘रोग’ (rogue, म्हणजे लपूनछपून वावरणारा चोर), हे पात्र मला वारंवार भेटते. त्यामागचे कारण मला कळते: जवळची माणसे जिवंत ठेवली, तर डंजन मास्टर त्यांनाच संकटात टाकील, ही खेळाडूची भीती असते. पण ज्याचे जगात कोणी उरलेले नाही, त्याला कशात गुंतवायचे हा प्रश्न मग माझ्यासमोर उभा राहतो. त्याच रोगला एक धाकटी बहीण द्या, ती बंदरावरच्या सावकाराची देणेकरी असू द्या, आणि त्या सावकाराकडे पार्टीतली (एकत्र फिरणाऱ्या पात्रांच्या गटातली) क्लेरिक, म्हणजे दैवी जादू करणारी पुजारीण, पूर्वी नोकरीला होती असे त्या खेळाडूशी बोलून ठरवा. तीन वाक्यांत दोन पात्रे एकमेकांशी जोडली जातात आणि मला पुढच्या कित्येक सत्रांचे साहित्य मिळते.

ऑनलाइन खेळात एकाकीपणा अधिक जाचतो. टेबलाभोवती बसलेले असताना एखादे पात्र एकटेच छपरावरून हिंडू लागले, तर बाकीचे हळू आवाजात आपसांत बोलून आपला डाव आखू शकतात. व्हॉइस कॉलवर एका वेळी एकाचेच बोलणे नीट ऐकू येते, त्यामुळे एकाची भटकंती चालू असताना उरलेल्या सगळ्यांना गप्प बसावे लागते. म्हणूनच ‘माझे पात्र पार्टीसोबत का राहते’ याचे उत्तर खेळाडूने आधीच तयार ठेवावे, असा माझा आग्रह असतो. ती जबाबदारी डंजन मास्टरवर टाकणे मला योग्य वाटत नाही.

गुपितांचेही असेच आहे. शाप, राजरक्त, खोटे नाव, काहीही असो, ते शेवटपर्यंत एकट्या खेळाडूलाच ठाऊक राहिले तर खेळाच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसते. पार्टीतल्या निदान एकाला त्याचा अर्धा भाग माहीत असावा.

आकड्यांबद्दल थोडेच लिहितो. पात्राच्या क्षमता ठरवण्यासाठी दिलेले 27 पॉइंट खर्चून तीन क्षमता 15 वर आणि उरलेल्या तीन 8 वर ठेवता येतात आणि त्यात गैर काही नाही. चूक पुढे होते: इंटेलिजन्स 8 लिहिलेले पात्र प्रत्येक कोडे सर्वांआधी सोडवू लागते. उणीव कागदावर घेतली असेल, तर ती बोलण्यात आणि निर्णयांत दिसली पाहिजे. उलट ‘फार प्रामाणिक’ किंवा ‘अति शूर’ अशी उणीव लिहिली, तर तिची कधीच काही किंमत मोजावी लागत नाही.

केवळ लिहून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेमध्ये उणिवेची ही बाब फार महत्त्वाची आहे. तिथे बहुधा फासे नसतात, त्यामुळे वार चुकल्याचे सांगणारा 20 बाजूंचा फासा मदतीला येत नाही. पात्राला काय जमत नाही हे लिहिणाऱ्यानेच ठरवून पाळावे लागते. ज्याला प्रत्येक घाव चुकवता येतो त्याच्यासोबत कोणी दुसऱ्यांदा प्रसंग लिहायला बसत नाही. पात्र तयार करतानाच त्याला न येणाऱ्या दोनतीन गोष्टी स्पष्ट लिहून त्या सहखेळाडूंना सांगाव्यात, म्हणजे समोरच्याला त्याच्याविरुद्ध काय करता येईल हे कळते.

शेवटी नाव. अपॉस्ट्रॉफींनी भरलेली, पाचसहा अक्षरी एल्फी (एल्फ या काल्पनिक वंशाची) नावे शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, शोभून दिसतात, पण कॉलवर ती धड उच्चारताही येत नाहीत आणि पहिल्याच लढाईत बाकीचे त्यांचे दोन अक्षरांत रूपांतर करतात. नाव पक्के करण्यापूर्वी ‘मागे बघ!’ या शब्दांसोबत ते मोठ्याने ओरडून पाहावे. अडखळलात तर छोटे रूप स्वतःच निवडून शीटवर लिहावे.