हळदीकुंकवाची यादी

शुक्रवार, १७ जानेवारी २०२५
वडगाव, बेळगाव. रात्रीचे साडेदहा.

आज घरी हळदीकुंकू झालं. पाय ठणकताहेत, पण हे लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही.

सकाळी यादी करायला जुनी वही काढली. २०२० च्या संक्रांतीची यादी तिच्यात तशीच आहे, निळ्या शाईत, बत्तीस नावं. बोट ठेवून एकेक वाचत गेले. कोपऱ्यावरच्या मावशी त्याच वर्षी ऑगस्टात गेल्या. गिरणीवाल्या काकू पुढच्या मे महिन्यात. आणि चौघींचे नवरे गेले, चौघंही २०२१ च्या एप्रिल ते जूनमध्ये. आमची गल्ली ती केवढी, या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला ऐकू जाते. त्या चौघींतली एक माझी जाऊ. याच घरात, मागच्या खोलीत राहते.

२०२२ पासून दर संक्रांतीला ही चार नावं मी गाळत आले. गाळ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. हात आपसूक पुढच्या नावावर जायचा. जाऊ स्वयंपाकघरात बसून तिळगुळाच्या पुड्या बांधायची, चहा गाळायची, ट्रे दारापर्यंत आणून माझ्या हातात द्यायची आणि मागे फिरायची. बाहेरच्या खोलीत पाऊल टाकायची नाही. तीन वर्षं तो ट्रे मी तिच्या हातातून घेतला आणि काही बोलले नाही.

आज यादीत पहिलं नाव तिचं लिहिलं.

दीर माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा कॉलेज सोडून नुकताच मागावर बसला होता. सहा पावरलूम आमचे, दोघा भावांनी मिळून चालवलेले. पहिल्या लॉकडाउनमध्ये सूत येईना, विणलेल्या साड्या उचलायला सावकार येईना, मार्चअखेर बंद पडलेले माग पावसाळ्यापर्यंत गप्प. गल्लीतला खडखडाट थांबला की आम्हाला कसंनुसं होतं. लहान पोरंसुद्धा त्या आवाजातच झोपतात. त्यातून सावरलो होतो. कर्जाचे हप्ते मागे पडले होते, पण चारच्या जागी सहाही माग फिरायला लागले होते.

१७ एप्रिल २०२१ ला बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. आमचे खासदार, रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी आदल्या सप्टेंबरात कोरोनाने दिल्लीत वारले होते, त्यांच्या जागेसाठी. त्यांचे अंत्यसंस्कारही दिल्लीतच झाले, गावाला शेवटचं दर्शन नाही. तेव्हा टीव्हीसमोर बसून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या होत्या, "एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, मग आपलं काय गे?" दीर मतदान करून आले, शाई लावलेलं बोट आईला दाखवलं, जेवले आणि मागावर गेले. आठवड्याच्या आत ताप. चाचणी पॉझिटिव्ह. २७ एप्रिलच्या रात्रीपासून कर्नाटकात सगळं बंद होणार होतं, त्या दुपारी त्यांचा ऑक्सिजन ८४ वर आला. माझे मालक आणि पुतण्या बेडसाठी वणवण फिरले, रात्री एका ठिकाणी जागा मिळाली.

मग दहा दिवस फोनच. एका नर्सबाईला दया आली, तिने एकदा व्हिडिओ कॉल लावून दिला. तोंडावर मास्क, बोलायला दम नाही. त्यांनी हात वर केला. डाव्या तर्जनीला ऑक्सिमीटरची चिमटी आणि चिमटीच्या खाली मतदानाच्या शाईची काळी रेघ. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा चेहरा येत नाही, तेवढं बोट येतं. जाऊ फोनला म्हणाली, "पाणी पिता नव्हे? पीत जावा." आणखी काय बोलावं तिला सुचलं नाही. नंतर कितीदा तरी मला म्हणाली, अक्का, मी पाण्याचंच का बोलले.

७ मेच्या पहाटे गेले. ४४ वर्षांचे. सदाशिवनगरच्या स्मशानात माझे मालक आणि पुतण्या, दोघंच. आम्ही बायका दारात उभ्या राहिलो आणि गल्ली खिडक्यांच्या आड.

नणंद इचलकरंजीला दिलेली. तिचंही घर मागावरचंच. भाऊ गेला म्हटल्यावर नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून निघाली. कर्नाटकच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडवलं, चाचणीचा रिपोर्ट नाही म्हणून. दूधगंगेचा पूल ओलांडून ती परत गेली. रस्त्याच्या कडेला उभी राहून तिने फोन केला. ट्रकांच्या आवाजात तिचं रडणं मधूनच ऐकू येत होतं. आमच्याकडे सोयरिकी, सूत, देवदर्शन, सगळं नदीच्या दोन्ही बाजूंना. सीमा, सीमा म्हणत मोर्चे बघितले, सभा ऐकल्या, पण ही सीमा बहिणीला भावाच्या दारापासून माघारी धाडू शकते हे त्या दिवशी कळलं. अडीच तासांचा रस्ता. ती आली थेट दिवाळीत, आणि भाऊबीजेचं ताट तिने पुतण्यासमोर धरलं.

आता जे लिहायचं ते आजवर कुठे लिहिलं नाही.

दहाव्या दिवशी बांगड्या फोडायच्या होत्या. एरवी गल्लीतल्या म्हाताऱ्या विधवा येतात, त्याच हे करतात. त्या वेळी कोण येणार? आमच्या दाराला तर लोक लांबूनच वळसा घालायचे, आणि मी त्यांना दोष देत नाही, प्रत्येकाच्या घरात लेकरं होती. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तूच कर." मी सवाष्ण, मी कसं करू, असं म्हणायला हवं होतं. करायचंच कशाला, असं म्हणायला हवं होतं. मी काही म्हटलं नाही. तिचा हात धरून पाट्यावर ठेवला. हिरव्या बांगड्या होत्या, मीच पाडव्याला गणपत गल्लीतून आणून दिलेल्या. हात उचलला तेव्हा ती म्हणाली, "अक्का, जपून. काच लागंल तुला."

मग कुंकू पुसलं. तेही मीच. जोडवी काढताना तिच्या पायाची बोटं सुजलेली दिसली, दहा दिवस एका जागी बसून.

त्या काळात मेलेल्यांचे आकडे रोज यायचे. माझ्या हातून जे झालं ते कुठल्या आकड्यात बसणार?

पुढचं चार ओळींत आटपते. दवाखान्याच्या बिलापायी दोन माग विकले, तेही भंगारात, किलोवर. पुतण्या तेव्हा दहावीला, परीक्षा दोनच दिवसांत उरकली, पास झाला आणि कॉलेजच्या ऐवजी उद्यमबागेत लेथवर गेला. अजून तिथेच आहे.

सरकारी मदतीची गोष्ट मात्र लिहिली पाहिजे. केंद्राच्या नियमाने ५० हजार, आणि बीपीएल घरातला कमावता माणूस गेला तर कर्नाटक सरकारने जाहीर केलेले एक लाख. दीरांच्या कागदावर मृत्यूचं कारण न्यूमोनिया. चाचणीपासून तीस दिवसांच्या आत माणूस गेला तर तो कोरोनाचाच मृत्यू धरायचा, हे सप्टेंबर २०२१ मध्ये ठरलं, तेव्हा कुठे आशा वाटली. आमचा रिपोर्ट एप्रिलचा होता. पण अर्ज सगळा कन्नडात. जाऊ मराठी शाळेत शिकलेली, मीही तशीच. बाजारातलं कन्नड येतं, कागदावरचं येत नाही. एका कचेरीतून दुसऱ्या, तिथून परत पहिल्या. शेवटी समोरच्या घरातली पोरगी आली, कन्नड माध्यमात शिकणारी, तिने एकेक रकाना मोठ्याने वाचला. 'मरण प्रमाण पत्र' म्हणाली. जाऊ म्हणाली, "हे कळलं मला." दोन्ही भाषांत मरण मरणच आहे. बाकीचा अर्ज त्या पोरीने भरला. पैसे आले, उशिरा आले, आणि आले त्या आठवड्यातच बचत गटाच्या थकलेल्या हप्त्यांत गेले.

४ मे २०२२ ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. कोरोनात ऐन तारुण्यात विधवा झालेल्या बायका बघूनच हे सुचलं. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. नणंदेने फोनवर वाचून दाखवलं. "वहिनी, आमच्या शेजारचं गाव ते." मी बरं म्हणून फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. एक वर्ष. वर्षभर आधी कुणीतरी एवढं बोललं असतं तर मला आत्यांना सांगता आलं असतं की बघा, गावंच्या गावं नको म्हणताहेत. पण हेही खरं, की त्यानंतर एकदा नाही, दोनदा संक्रांत आली आणि मी तो ट्रे घेतच राहिले. ठराव वाचला म्हणून हात सुटत नाही.

आज दुपारी आत्यांना सांगितलं, "चौघींना बोलावलंय." त्या बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "लोक काय म्हणतील ते तू बघ." आणि थोड्या वेळाने, "तिला ती मोरपंखी साडी नेसायला सांग."

ती मोरपंखी साडी दीरांनी विणलेली आहे. तिने नेसली नाही, रोजचीच नेसली. पण बाहेर आली. मी हळद लावली, तिने गाल पुढे केला. कुंकवाच्या करंड्याकडे हात नेला तर तिने माझं मनगट धरलं. "अक्का, ते राहू दे. माझ्या मनात येईल तेव्हा मी लावीन." मी करंडा खाली ठेवला. खोलीत सात-आठ जणी होत्या, सगळ्या गप्प. गिरणीवाल्या काकूंची सून उठली आणि जाऊच्या ओटीत तिळगूळ घातला. मग बोलणी सुरू झाली, पाण्याच्या टँकरची, कुणाच्या लेकीच्या बघण्याची. दोघी लवकर निघून गेल्या, चहा न घेता. त्या का गेल्या ते मला माहीत आहे.

उरलेल्या तिघींपैकी एक आली. उंबऱ्यातच उभी होती, जाऊने हाताला धरून आत घेतलं. दोघी आल्या नाहीत.

यंदा वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या आणल्या होत्या. सगळ्या गेल्यावर जाऊ आणि मी पसारा आवरत होतो, तिने मोजल्या. दोन उरल्या. "उद्या नेऊन देऊया त्यांच्या घरी," ती म्हणाली. "मी देते. तू गेलीस तर घेणार नाहीत." रद्दीचा कागद घेऊन गाळण्या बांधायला बसली. एका पुडीत तिळगूळ जरा जास्त घातला. त्या घरात दोन लहान पोरं आहेत.