नवतपा, बॅटरी आणि ई20

आज सीताबर्डीत दिवसभर एकच वाद कानावर पडत होता: नागपूरच्या उन्हात इलेक्ट्रिक गाडी टिकते का?

टिकते, पण जपावी लागते. तापलेली लिथियम बॅटरी फुल चार्ज करून उन्हात उभी ठेवली की तिची क्षमता लवकर घटते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी गाडी आणल्या आणल्या चार्जरला लावू नका. तासभर सावलीत निवू द्या, चार्जिंग रात्री करा. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरी रोज 80 टक्क्यांवर थांबवा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी उष्णता जास्त सोसते, पण तिला अधूनमधून 100 टक्के करावंच लागतं, नाहीतर गाडीच्या मीटरवरचा चार्जचा आकडा चुकतो.

मला जास्त काळजी भिंतीतल्या सॉकेटची वाटते. कारचा 3.3 किलोवॅटचा चार्जर तासन् तास 14 अँपिअर ओढतो. एक्स्टेंशन बोर्ड नकोच! मीटरपासून वेगळी लाइन, 4 चौरस मिमीची तांब्याची वायर, पक्कं अर्थिंग. प्लग काढून पिना बघा. पितळ काळवंडलं असेल, भोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर जोड सैल आहे. सॉकेट आजच बदला.

ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, ॲव्हरेज पाडतं आणि गाडी बिघडवतं ही तक्रार अर्धी खरी आहे. लिटरमागे ऊर्जा 6-7 टक्के कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या जुन्या गाडीत टाकीच्या तळाशी पाणी साचू शकतं आणि जुने रबरी पाइप फुगतात. अशी गाडी उभी करायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

एलएनजी (थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू) मात्र रोज धावणाऱ्या ट्रकसाठीच. उणे 162 अंशांचा तो द्रव उभ्या गाडीत हळूहळू वाफ होऊन निघून जातो.