जनसुनावणीला शेवटपर्यंत बसलो ते बरं झालं

मी कोथरूडला राहतो, नळाला खडकवासल्याचं पाणी येतं, ते पाणी अडवायला कुणाची गावं उठली याचा कधी विचारच केला नव्हता. मग आत्याच्या गावाला धरण होणार म्हणून कळलं आणि पेपरात जनसुनावणीची, म्हणजे प्रकल्पावर लोकांचं म्हणणं ऐकायच्या सरकारी सभेची, जाहिरात आली. गावात पेपर येतच नाही, ही गंमत वेगळी.

२००६ च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास) अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी नोटीस आणि त्या अभ्यासाच्या अहवालाचा सारांश मराठीतून द्यावा लागतो. हाफ डे टाकून पुण्यात एका ऑफिसात गेलो, या टेबलावरून त्या टेबलावर करत तिसऱ्या फेरीला तो हातात पडला. रात्री देवळात मोठ्यानं वाचला तर आत्या म्हणाली, "हे मराठी आहे का रे?" खरंच, 'बुडीत क्षेत्र' सोडून एक शब्द कळेल तर शपथ.

पण यादीत मुख्य घोळ होता. बाधित कुटुंबं सातबारा बघून धरलेली, कातकरी वाडीच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, म्हणजे वाडी यादीतच नाही. आणि मासे, खेकडे, लाकूडफाटा सगळं त्यांचं नदीवरच. सुनावणी नेमकी भात लावणीत, तिला कोरम वगैरे नसतो, चार माणसं आली तरी ती होते, म्हणून आम्ही पिकअप करून वाडीच्या बायकांना घेऊन गेलो.

मांडवात पुढं पुढारी, बायका मागं उभ्या, माइक पुढं. आत्यानं ओरडून माइक मागं मागवला. वाडीतली एक ताई एवढंच बोलली, "आमचं घर पाण्यात जातंय आन् यादीत नाव नाय, मग आमी ऱ्हायाचं कुठं?"

शेवटी इतिवृत्त, म्हणजे कोण काय बोललं त्याची नोंद, सगळ्यांसमोर मराठीत वाचून दाखवावं लागतं, मगच सही. तोवर वडापाव खाऊन निम्मे लोक गेलेले. वाचलं काय, तर 'ग्रामस्थांनी पुनर्वसनाबाबत सूचना केल्या'. आत्या उठली, "ह्यात वाडी कुठंय?" साहेब म्हणाले सगळं आलंय त्यात. मी म्हटलं, शूटिंग झालंय ना, लावून बघू. पंधरा मिनिटं वाद घातल्यावर वाडीचं वाक्य हातानं लिहिलं आणि परत वाचलं. दुसऱ्या दिवशी तेच लेखी देऊन मी पोच घेतली, कारण भरवसा नाय.

यादी अजून बदललेली नाही. सोमवारी परत जायचंय, ह्या वेळी फुल डे टाकलाय.